बोलण्याच्या थेरपीत शरीर कसं आणायचं, आणि थेरपिस्टने स्वतः कसं टिकायचं

हा लेख ज्यांच्यासमोर रोज क्लायंट बसतात त्यांच्यासाठी आहे: समुपदेशक, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, संस्थांमध्ये हिंसाचारग्रस्तांबरोबर काम करणारे कार्यकर्ते. बोलण्याची थेरपी तुम्हाला येते असं इथे धरून चाललो आहोत. अडतं ते पुढे. ‘मला सगळं कळतंय हो, पण त्यांचा फोन आला की अजूनही पोटात गोळा येतो,’ असं क्लायंट म्हणतो, आणि समजावून सांगण्यासारखं काही उरलेलं नसतं. तिथून पुढचं काम शरीराच्या बाजूने करता येतं. पण त्यात थेरपिस्टचं शरीरही कामाला लागतं. म्हणून या लेखाचे दोन भाग वेगवेगळे दिसले तरी विषय एकच आहे.

आधी थोडी वंशावळ, कारण तिच्यातून एक धडा मिळतो. फ्रॉइडचा शिष्य विल्हेल्म राइश याने १९३० च्या दशकात मांडलं की दाबलेल्या भावना माणूस स्नायूंच्या ताठरपणात धरून ठेवतो. त्याचा विद्यार्थी अलेक्झांडर लोवेन याने त्यातून बायोएनर्जेटिक्स उभं केलं. त्यात शरीर ताणून उभं राहायचं, गादीवर मुठी आपटायच्या, ओरडून मोकळं व्हायचं. काहींना त्याचा उपयोग झाला, पण गंभीर आघातातून गेलेले लोक अशा भडक्यात पुन्हा त्याच प्रसंगात फेकले जात. नंतर आलेल्यांनी डोस कमी केला. त्यात मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सच्या गोटातले युजीन जेंडलिन, पीटर लेव्हिन, पॅट ऑग्डेन, बॅबेट रॉथशिल्ड अशी मंडळी येतात. प्रत्येकाची पद्धत वेगळी आणि प्रशिक्षणही वेगळं. तरी एका बाबतीत सगळ्यांचं जुळतं: थोडं उघडायचं, थांबायचं, परत यायचं. रॉथशिल्ड यांचं म्हणणं तर असं की गाडी चालवायला शिकवताना आधी ब्रेक शिकवतात, मग ॲक्सिलरेटर. हा लेख त्याच क्रमाने जातो.

पुराव्याबद्दलही स्पष्ट असलेलं बरं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये पीटीएसडीसाठी (आघातानंतर टिकून राहणाऱ्या मानसिक त्रासासाठी) शिफारस केली ती आघातावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वर्तन यांवर काम करणारी थेरपी) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींसोबत आठवणीवर काम करणारी थेरपी) यांची. निव्वळ शरीरावर आधारलेल्या पद्धतींचे अभ्यास त्या मानाने थोडे आणि लहान आहेत. स्टीफन पोर्जेस यांचा पॉलीव्हेगल सिद्धांत (मेंदूपासून हृदय-पोटापर्यंत जाणाऱ्या व्हेगस नर्व्हवरून भीती आणि सुरक्षितता समजावणारा) कार्यशाळांमध्ये सिद्ध विज्ञानासारखा शिकवला जातो, पण त्यातल्या शरीररचनेच्या मुद्द्यांवर शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी गंभीर आक्षेप घेतलेले आहेत. तेव्हा ‘तुमची व्हेगस नर्व्ह बंद पडली आहे’ असली वाक्यं क्लायंटला ऐकवू नका. ‘आत्ता शरीर जास्त जागं झालंय’ किंवा ‘आत्ता सुन्न झालंय’ एवढं डोळ्यांना दिसतं आणि तेवढ्यावर काम भागतं.

सुरू करण्यापूर्वी काय विचारायचं

शारीरिक तक्रारीला घाईघाईने मानसिक ठरवणं ही या कामातली सगळ्यात महाग चूक. छातीत धडधड, धाप, चक्कर, हातांना कंप यातलं काहीही असेल तर आधी डॉक्टरांकडून तपासणी झाली आहे का ते विचारा. हिमोग्लोबिन, थायरॉइड, रक्तदाब, साखर आणि गरजेप्रमाणे ईसीजी एवढं तरी झालेलं असावं. आपल्याकडे रक्तक्षयामुळे जिने चढताना धाप लागणाऱ्या बायका कितीतरी आहेत. त्यांच्याकडून वर्षभर ग्राउंडिंग (लक्ष पाय, जमीन अशा आधारावर आणण्याचे व्यायाम) करून घेतल्याने काही साधणार नाही.

औषधांची यादी घ्या. प्रोप्रॅनोलॉलसारखं औषध सुरू असेल तर नाडी मंदच राहते. माणूस आतून घाबरलेला असला तरी बाहेरून ते कमी दिसतं. दम्याच्या साल्ब्युटामॉल पंपाने उलट धडधड आणि हाताला कंप येतो. फिट्स, गरोदरपण, मणक्याचा त्रास, नुकताच येऊन गेलेला सायकोसिस (वास्तवाचं भान सुटणं), मधले तासच्या तास न आठवणं यातलं काही असेल तर मनोविकारतज्ज्ञ किंवा संबंधित डॉक्टर यांच्याशी बोलल्याशिवाय आणि सुपरव्हिजनशिवाय (अनुभवी थेरपिस्टच्या मार्गदर्शनाशिवाय) पुढे जाऊ नका.

एक साधा प्रश्न बहुतेक फॉर्मवर नसतो: ‘आज काय खाल्लंय?’ चतुर्थी, एकादशी, नवरात्राचे उपास, किंवा सकाळपासून नुसत्या तीन कप चहावर धावपळ. अशा माणसाच्या हाताचा कंप साखरेचा आणि कॅफिनचा असू शकतो. भर दुपारी तीन मजले चढून आलेल्या माणसाची नाडीही पहिली पाच मिनिटं कशाचंच लक्षण नसते. त्याला पंख्याखाली बसू द्या, पाणी द्या, मग निरीक्षण सुरू करा.

स्पर्शाबाबत आमचं मत ठाम आहे: करू नका. स्पर्शाचं खास प्रशिक्षण, लेखी संमती आणि त्यावरचं नियमित सुपरव्हिजन हे तिन्ही असेल तरच अपवाद. क्लायंटचा स्वतःचा हात छातीवर, पाठीला उशी, खांद्यावर जाडसर शाल, तळहाताखाली भिंत, यांतून बहुतेक सगळं साधतं. संमतीही एकदा सही घेऊन संपत नाही. ‘आता आपण थोडं पायांकडे लक्ष देऊन बघू या का? नको वाटलं तर नको म्हणा, मी तुमच्या ‘नको’चीही वाट बघतोय,’ असं प्रत्येक वेळी विचारा. आपल्याकडे ‘डॉक्टरांना नाही कसं म्हणायचं’ ही सवय इतकी मुरलेली असते की पहिल्या भेटीतच क्लायंटला मुद्दाम एकदा ‘नको’ म्हणायला लावावं. एखादी क्षुल्लक गोष्ट सुचवा आणि त्यांना ती नाकारू द्या.

गोपनीयतेच्या मर्यादा याच वेळी सांगा. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार कळवणं बंधनकारक आहे. हे मूल बोलून गेल्यावर सांगायचं नसतं.

खोली आणि खुर्ची

खर्च फार नाही, पण फरक मोठा पडतो. बैठकीची उंची ४२ ते ४५ सेंटीमीटर असलेली, पाठीला आधार देणारी खुर्ची घ्या. बुटक्या क्लायंटचे पाय अधांतरी राहत असतील तर पायाखाली लाकडी पाट ठेवा. पाय टेकलेले नसताना ‘जमिनीचा आधार जाणवतोय का’ हा प्रश्न निरर्थक आहे. फुगीर सोफा नको, त्यात माणूस रुततो आणि सुन्न होणाऱ्याला ते घातक ठरतं. दोन खुर्च्या समोरासमोर न ठेवता तिरक्या ठेवा, अंतर साधारण दीड मीटर, आणि ते क्लायंटला बदलू द्या. दार त्यांच्या नजरेच्या टप्प्यात हवं आणि वाटेत तुमची खुर्ची नको.

ऑनलाइन सेशनला मोबाइल पुस्तकांच्या चवडीवर असा ठेवायला सांगा की चेहऱ्यासोबत खांदे आणि हातही दिसतील. आज नक्की कुठे बसला आहात, घरात कोण आहे आणि काही झालं तर कुणाला फोन करायचा, हे प्रत्येक वेळी सुरुवातीलाच विचारून ठेवा. दोन खोल्यांच्या घरात बाथरूममध्ये बसून बोलणाऱ्या क्लायंटबरोबर त्या दिवशी आघाताचं काम करायचं नाही.

पहिला टप्पा: टेकू शोधणं

सुरुवात श्वासाने करू नका. हे मुद्दाम ठळक सांगतो आहोत, कारण जवळपास प्रत्येक जण तिथूनच सुरुवात करतो. पॅनिक होणाऱ्या माणसाचं लक्ष आधीच छातीवर खिळलेलं असतं. त्यात ‘खोल श्वास घ्या’ म्हटलं की तो भराभर मोठे श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना आणि ओठांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. मग त्याला वाटतं, झालं, आला ॲटॅक. ज्यांचा गळा दाबला गेला आहे किंवा तोंडावर हात ठेवला गेला आहे त्यांना तर श्वासाकडे लक्ष जाणंच नकोसं असतं.

त्याऐवजी शरीरातली अशी जागा शोधा जी चांगली नसली तरी निदान त्रासदायक नाही. टाचा, मांडीखालची खुर्ची, पाठीची मधली बाजू, तळहात. बहुतेक क्लिनिकमध्ये चपला बाहेर काढलेल्या असतात, तेव्हा अनवाणी तळव्याला लागणारी गार फरशी हा आयताच मिळालेला टेकू. कुणाला शरीरात एकही सोयीची जागा सापडत नाही. मग बाहेर शोधा: खिडकीतलं झाड, हातातली किल्ली, पंख्याचा आवाज. डोळे उघडेच ठेवायला सांगा. एखाद्याला मिटावेसे वाटले तर अर्धे मिटू देत, नजर जमिनीवर.

‘शरीरात काय जाणवतंय?’ या प्रश्नाला ‘काही नाही’ किंवा ‘कसंतरीच होतंय’ हीच उत्तरं येतात. प्रश्न लहान करा. ‘हात गरम आहेत की गार?’ ‘घशात काही अडकल्यासारखं आहे, की मोकळं?’ ‘ते जड आहे की आवळल्यासारखं?’ क्लायंटने स्वतः वापरलेले शब्द टिपून ठेवा आणि तेच परत वापरा. आवंढा, छातीवर दडपण, हातपाय गळणं, डोकं बधिर होणं हे त्यांनी म्हटलेलं असताना तुम्ही त्याचं ‘ॲन्झायटी’ करू नका. मग ० ते १० मध्ये आकडा विचारा: ० म्हणजे काहीच त्रास नाही, १० म्हणजे सहन होत नाही. क्लायंट आकडा जेमतेम ३ पर्यंत नेऊन टेकूवर परत येऊ शकतो, हे निदान दोन-तीन भेटींत दिसल्याशिवाय पुढच्या टप्प्याला हात लावायचा नाही. कधी याला महिना लागतो. लागू दे.

श्वास वापरायचाच असेल तर नंतर, आणि असा: नेहमीएवढाच श्वास नाकाने आत, साधारण ४ सेकंद, आणि बाहेर ६ सेकंद. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास होतात. दोन मिनिटं पुरे. चक्कर किंवा मुंग्या आल्या तर लगेच बंद करून नेहमीसारखा श्वास घेऊ द्या. क्लायंट रोज कपालभाती करतो का हेही विचारून घ्या. झपाट्याने केलेली कपालभाती उत्तेजित करते आणि पॅनिकच्या काळात ती काही दिवस बाजूला ठेवलेली बरी. योगक्रियांचं शरीरावर नेमकं काय होतं हे मोजून बघायचा उपक्रम स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याच्या कैवल्यधाममध्ये १९२४ पासून चालवला, त्यामुळे या विषयात आपल्याकडे श्रद्धेबरोबर मोजमापाचीही परंपरा आहे. पण योगवर्ग वेगळा आणि थेरपी वेगळी. वर्गात आसन नीट जमणं महत्त्वाचं असतं, इथे जाणवलेलं ओळखून सांगता येणं.

डोळ्यांनी काय टिपायचं

क्लायंट आकडा सांगेल, पण त्यावर विसंबून राहू नका. ‘ठीक आहे मॅडम, चालेल’ म्हणत बरेच जण ९ वर पोचलेले असतात.

जास्त जागं झालेलं शरीर: श्वास छातीच्या वरच्या भागात आणि उथळ, वरच्या ओठावर घाम, पाय सतत हलणं, बोलण्याचा वेग वाढणं, नजर दाराकडे जाणं. सावळ्या त्वचेवर चेहरा पांढरा पडलेला पटकन कळत नाही. ओठांचा रंग आणि नखं बघा. अशा वेळी वाढवणारं सगळं थांबवा. गोष्ट तिथेच सोडा, खोलीतल्या पाच निळ्या वस्तू शोधायला लावा, उभं राहून चार पावलं चालू द्या.

सुन्न झालेलं शरीर फसवं असतं, कारण ते शांत दिसतं. उत्तराला उशीर, सपाट आवाज, एका जागी खिळलेली नजर, पापणी न लवणं, गार हात, सारख्या जांभया. ‘आता रिलॅक्स झाला’ असं समजून थेरपिस्ट आणखी खोलात नेतो आणि नुकसान इथेच होतं. इथे उलट हालचाल लागते: ताठ बसवा, तळवे एकमेकांवर घासा, पाय जमिनीवर दाबा, मान हळूहळू डावीकडे-उजवीकडे वळवून खोली बघायला लावा. आवळा सुपारीची चिमूट किंवा लिंबाची फोड जिभेवर ठेवणं अनेकांना चटकन परत आणतं.

दुसरा टप्पा: थोडं उघडून परत येणं

पन्नास मिनिटांच्या सेशनमध्ये पहिली दहा-पंधरा मिनिटं येऊन टेकायला आणि टेकू शोधायला, मधली वीस कामाला, आणि शेवटची पंधरा परत यायला. चाळिसाव्या मिनिटाला क्लायंट म्हणाला, ‘एक गोष्ट कधीच कुणाला सांगितली नाही,’ तर ती आदराने नोंदवा आणि पुढच्या वेळेसाठी ठेवा. हे क्रूर वाटतं, पण अर्धवट उघडून घरी पाठवणं त्याहून क्रूर.

प्रसंग निवडताना सगळ्यात भीषण क्षण घेऊ नका. त्याच्या आधीचा किंवा नंतरचा, ४ च्या आसपास आकडा असलेला तुकडा घ्या. तीस ते साठ सेकंद त्या अस्वस्थतेजवळ, मग मिनिट-दोन मिनिटं टेकूवर, अशा तीन-चार फेऱ्या. पुरे.

नमुन्यादाखल एक तुकडा बघू. बँकेच्या काउंटरवर काम करणारी बाई. ग्राहकाने आवाज चढवला की खांदे वर जातात आणि रात्री मान आखडते.

‘तो काउंटरवर हात आपटून बोलला म्हणालात तेव्हा तुमचे खांदे वर गेले. आत्ता कुठे आहेत?’

‘वरच आहेत. मानेत ओढ बसलीये.’

‘खाली आणायची घाई नको, असू देत तसेच. ओढ दोन्हीकडे सारखी आहे?’

‘उजवीकडे जास्त. कानामागून खाली.’

‘बरं. आता लक्ष तिथून काढून तळपायांकडे न्या. फरशी कशी लागतेय?’

‘गार आहे. बरं वाटतंय.’

इथे मिनिटभर काहीच बोलायचं नाही. मग:

‘आता परत मानेकडे जाऊन बघा. काही बदललंय का, की तसंच आहे? तसंच असलं तरी चालेल.’

‘थोडी सैल झालीये. आणि हात असे पुढे ढकलावेसे वाटतायत. वेड्यासारखं वाटतंय.’

‘ढकला ना. पण एकदम हळू. ही उशी मी धरतो, तुम्ही दहा सेकंद लावून ढकला.’

तीनदा, प्रत्येक वेळी दहा सेकंद, मध्ये थांबून. मुद्दा हळूपणाचा आहे. जोरात ढकललं की ते नुसतं व्यायामासारखं होतं आणि क्लायंटला आत काय घडलं ते कळतही नाही. हळू ढकलताना खांद्याचे, पाठीचे स्नायू कामाला लागलेले जाणवतात, आणि त्या दिवशी काउंटरमागे जे करता आलं नाही ते इथे पूर्ण होतं.

वरच्या संवादात थेरपिस्टने काय टाळलं तेही बघा. ‘म्हणजे तुम्हाला राग आला होता’ असा अर्थ लावला नाही. ‘तसंच असलं तरी चालेल’ हे मुद्दाम म्हटलं, नाहीतर क्लायंट तुम्हाला खूश करायला सुधारणा सांगतात. रडू आलं असतं तर ते यश मानलं नसतं. थरथर सुटली असती आणि क्लायंट डोळे उघडे ठेवून, बोलत, इथे असल्याचं जाणत असती तर ती होऊ दिली असती. उत्तरं येईनाशी झाली असती तर थांबवलं असतं. काम झालं की नाही हे त्या खोलीत ठरत नाही, पुढच्या ४८ तासांत ठरतं. झोप, भूक, डोकेदुखी, चिडचिड यांची चौकशी पुढच्या सेशनच्या सुरुवातीला करा. दोन रात्री झोप उडाली असेल तर डोस जास्त झाला. पुढच्या वेळी निम्मा.

आणि एक धोक्याचं वाक्य: ‘शरीर कधी खोटं बोलत नाही.’ मांड्या आवळल्या जातात किंवा मळमळतं यावरून भूतकाळात काय घडलं हे सांगता येत नाही. शरीरातली संवेदना आजची असते, तिचं कारण दहापैकी कुठलंही असू शकतं. ‘लहानपणी काहीतरी झालं असणार’ असं सुचवणारा थेरपिस्ट माणसाच्या आठवणीत ढवळाढवळ करतो, आणि प्रकरण न्यायालयात असेल तर पीडितेची बाजूही दुबळी करतो.

हाताबाहेर जायला लागलं तर

क्रम पाठ असू द्या, त्या क्षणी सुचत नाही. गोष्ट थांबवा आणि स्पष्ट, नेहमीच्या आवाजात नावाने हाक मारा. कुजबुजत्या, मऊ आवाजाने सुन्न माणूस आणखी आत जातो. डोळे उघडायला सांगा. आज कोणता वार, आपण कुठे बसलो आहोत, बाहेर कसला आवाज येतोय. पाय जमिनीवर दाबायला लावा, हातात काहीतरी खडबडीत द्या, गार पाणी द्या. अंगाला हात लावून हलवू नका. क्लायंट वेळ, जागा आणि घरी जायचा रस्ता नीट सांगू लागेपर्यंत सेशन संपत नाही, पुढचा क्लायंट बाहेर थांबला असला तरी. त्यानंतरही वीस मिनिटं बाहेरच्या बाकावर बसू द्या आणि दुचाकीची किल्ली तोवर खिशातच राहू द्या. छातीत दुखणं डाव्या हातात किंवा जबड्यात पसरत असेल, सोबत घाम सुटला असेल, तर तो हृदयविकार समजून सरळ हॉस्पिटल गाठा. आत्महत्येचे विचार पुढे आले तर सुरक्षेचा आराखडा, घरचं माणूस, मनोविकारतज्ज्ञ. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास आणि मराठीतही चालतो, तो कागदावर लिहून द्या.

आता तुमची खुर्ची

समोरच्याच्या चेहऱ्याची आणि बसण्याची आपण नकळत नक्कल करतो. त्याने सहानुभूती वाढते आणि त्याच वाटेने त्याचा ताणही आपल्यात येतो. खचून, खांदे पाडून बसलेल्या माणसासमोर तासभर तसंच बसलात की उठताना तुम्हीही खचलेले असता, आणि हे कुठून आलं ते कळत नाही.

उपाय सेशन चालू असतानाच करायचा. दर दहा मिनिटांनी पाच सेकंद: जबडा, खांदे, पोट, पाय. दात आवळलेत का? श्वास धरलाय का? मग मुद्दाम एक गोष्ट बदला. पाठ टेकवा, पायाची घडी सोडा, पाण्याचा घोट घ्या, बोटं हलवा. क्लायंटचं बोलणं फार भयानक असेल तर मनात त्याचं चित्र रंगवू नका. शब्द ऐका, चेहरा बघा. तुम्ही त्या खोलीत, त्या रात्री नव्हता आणि तिथे जाऊन क्लायंटला मदत होत नाही. काही वेळा वहीत दोन शब्द लिहिण्यानेही अंतर परत मिळतं.

दोन सेशनमध्ये किमान पंधरा मिनिटं. त्यातली पहिली तीन टिपणाला, तीन-चार ओळी. मग खुर्चीतून उठा. कोपरापर्यंत गार पाण्याने हात धुवा, खिडकीतून लांबचं काहीतरी बघा, एक जिना उतरून चढा. आणि लघवीला जा. हसू नका, सलग चार सेशन लघवी धरून बसणारे थेरपिस्ट कमी नाहीत. व्हॉट्सॲप ही विश्रांती नव्हे, त्यात आणखी चार माणसांच्या मागण्या असतात.

दिवसाचं गणित आमच्या मते असं असावं: पूर्ण वेळ काम करणाऱ्याने दिवसाला पाच सेशन, त्यात आघाताची जड सेशन दोनच, ती पाठोपाठ नकोत आणि दिवसाच्या शेवटी तर नकोतच. आठवड्यात चार दिवस क्लायंट, पाचवा टिपणं, वाचन, सुपरव्हिजन यांना. संस्थांमध्ये दिवसाला आठ-नऊ केस घ्यायला लावतात तिथे हे जमणार नाही, मान्य. तिथे निदान जड केस कुठल्या वेळी घ्यायची ते तरी आपल्या हातात ठेवायचं भांडण करा. जेवणाला अर्धा तास, टेबलापासून दूर.

थकव्याचे प्रकार वेगळे ओळखा, कारण उपाय वेगळे. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ मध्ये वर्णन केलेला बर्नआउट कामाच्या ओझ्यातून, अपुऱ्या मोबदल्यातून, कागदपत्रांतून येतो. त्यावर ध्यान उपयोगी नाही. केस कमी करा, फी वाढवा, न सांगता चुकवलेल्या सेशनची फी घ्या. चार्ल्स फिग्ली यांनी १९९० च्या दशकात ज्याला करुणेचा थकवा म्हटलं त्यात क्लायंटची दृश्यं तुमच्या झोपेत येतात, तुम्ही दचकता. इथे सुपरव्हिजन, वर सांगितलेलं अंतर राखणं आणि स्वतःची थेरपी लागते. तिसरा प्रकार हळू येतो. लीसा मॅककॅन आणि लॉरी अ‍ॅन पर्लमन यांनी १९९० मध्ये तो मांडला. त्यात जगाकडे बघण्याची नजरच बदलते: प्रत्येक काका संशयित वाटतो, मुलीला शेजारी पाठवणं नको होतं. हा घरच्यांना आधी दिसतो, तेव्हा त्यांना विचारा. बेथ स्टॅम यांची ३० प्रश्नांची प्रोक्वॉल ही प्रश्नावली मोफत मिळते. मागच्या तीस दिवसांवरची असते, दर तीन महिन्यांनी भरा आणि आकडे एका पानावर लिहीत जा. एकट्या आकड्याला अर्थ कमी, चढउतार बघायचा.

सुपरव्हिजन पंधरवड्यातून एकदा तरी हवंच. तिथे केस सांगताना हा प्रश्न धरा: या क्लायंटच्या वेळी माझं शरीर काय करतं? एखाद्याच्या सेशनला नेहमी झोप येते, एखाद्याच्या आधी पोट ढवळतं. तो ताण क्लायंटचा की तुमच्या घरातला, हे एकट्याने उलगडत नाही.

काम आणि घर यांच्यामध्ये पंधरा मिनिटांची रिकामी जागा ठेवा. विरार लोकलच्या गर्दीत उभं राहणं ती जागा नव्हे. स्टेशनवरून घरी चालत जा, कपडे बदला, चहा एकटीने प्या. बायकांच्या बाबतीत क्लिनिकमधून थेट कुकरपाशी असा प्रवास असतो, तो घरच्यांशी बोलून तोडावा लागतो. लग्नसमारंभात ‘तू सायकॉलॉजीवाली ना, आमच्या बाबूशी जरा बोल’ म्हणणाऱ्या आत्यांसाठी एक वाक्य तयार ठेवा आणि दुसऱ्या थेरपिस्टचा नंबर द्या. आठवड्याला दीडशे मिनिटं दम लागेल असं चालणं, सात तास झोप. बसून काम करणाऱ्याला हे दोन सोडून तिसरं काही सांगण्यात अर्थ नाही.

सेशन रद्द व्हावं असं मनापासून वाटणं, पाच मिनिटं उशिरा सुरू करणं, संध्याकाळी ग्लासची गरज वाढणं, क्लायंटचं नाव विसरणं. यातलं काही दोन आठवडे टिकलं तर सुपरव्हायझरला फोन करा आणि नवे क्लायंट घेणं थांबवा.

प्रशिक्षण निवडताना

दोन दिवसांच्या कार्यशाळेत टेकू शोधणं, निरीक्षण आणि थांबवणं एवढं शिकता येतं. आघाताचं काम नाही. वर उल्लेख आलेल्या पीटर लेव्हिन यांच्या सोमॅटिक एक्स्पीरियन्सिंग या पद्धतीचा अभ्यासक्रम साधारण तीन वर्षं चालतो, तो उगाच नाही. पैसे भरण्याआधी विचारा: सुपरव्हिजनचे तास किती, कोण करणार, मराठीतून केस मांडता येतील का? कुठल्या क्लायंटसोबत ही पद्धत वापरायची नाही ते शिकवतात का? त्याचं उत्तर ‘सगळ्यांना चालते’ असं आलं तर तिथेच थांबा. प्रात्यक्षिकात सहभागी होणं ऐच्छिक आहे का, आणि व्यासपीठावर एखाद्याला सगळ्यांसमोर रडवून ‘बघा, सुटलं’ म्हणायची प्रथा आहे का, हे आधी करून गेलेल्यांकडून काढून घ्या. प्रात्यक्षिकाला ‘नको’ म्हटल्यावर प्रशिक्षक आग्रह करत राहिला, तर फीच्या परताव्याची मागणी लेखी करा.